दोघांत मोठा कोण?

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत (म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहात) साइन, कोसाइन, लॉगॅरिदम, वर्गमूळ, इतकेच काय घनमूळही मिळते. मात्र दोन पूर्णांकांपैकी मोठा कोणता, एवढे सांगणारे फंक्शन तीत नाही. दशांशचिन्हवाल्या संख्यांची वर्णी १९९९च्या प्रमाणकात एफमॅक्सच्या रूपाने लागली. पूर्णांकांनी आपले आपण पाहावे, असे बहुधा ठरले असावे. परिणामी, पंपाच्या कंट्रोलरचे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत बसणारा प्रोग्रॅम, लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला उठल्यासुटल्या ‘मॅक्स’ नावाच्या मॅक्रोला, म्हणजे नाव दिसेल तिथे ठरलेला मजकूर चिकटवणाऱ्या आडसोयीला, तोंड द्यावे लागते.

आमच्या प्रकल्पात हा मॅक्स एकटा नाही. एक चिपच्या हेडरबरोबर आला, दुसरा संदेशवहनाच्या लायब्ररीतून, आणि तिसरा नोकरी सोडून गेलेल्या एका सद्गृहस्थांनी मागे ठेवला. हा तिसरा ‘अ > ब ? अ : ब’ (म्हणजे अ मोठा असेल तर अ, नाहीतर ब) असा अगदी उघडाबोडका आहे, कंसाची लंगोटीसुद्धा त्याला नेसवलेली नाही. २ + मॅक्स(३, ४) याचे उत्तर कोणीही ६ सांगेल. कंपायलरच्या आधी मॅक्रो उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरला मात्र गणिताशी कर्तव्य नसते. तो निव्वळ चोप्य-पस्ते करणारा कारकून आहे. त्याने मजकूर चिकटवला की ‘२ + ३ > ४ ? ३ : ४’ असे वाक्य तयार होते, आणि पाच हे चारांहून मोठे असल्याची खात्री पटताच कंपायलर प्रसन्न मनाने ३ हे उत्तर देतो.

म्हणून मग प्रत्येक नावाला कंस आणि सगळ्या प्रकरणाला बाहेरून आणखी एक कंस, अशी तटबंदी उभारली जाते व गंगेत घोडे न्हाले असे सर्वांना वाटते. ते न्हालेले नसते. समजा, दोन सेन्सरांना त्यांचे आकडे विचारणारी दोन फंक्शने मॅक्सच्या कंसात ठेवली. पहिला सेन्सर म्हणाला ७२, दुसरा म्हणाला ७०. अर्थात पहिला जिंकला. परंतु निकाल जाहीर करण्यापूर्वी मॅक्रो त्या विजेत्याला पुन्हा एकदा आकडा विचारतो, कारण त्याच्या मजकुरात ते नाव दोनदा आले आहे. एव्हाना दाब उतरलेला असल्याने सेन्सर प्रामाणिकपणे ६९ सांगतो, आणि ७२ व ७० यांपैकी मोठी संख्या म्हणून ६९ची मिरवणूक पुढे निघते.

उणे एकाची गोष्ट तर सांगू नये अशी. बिघाड कळवण्यासाठी परत आलेला बिचारा उणे एक जर चिन्हविरहित, म्हणजे उणे संख्या मुळी न ओळखणाऱ्या प्रकारातल्या, शून्यासमोर उभा केला, तर बत्तीस बिटांच्या इंट या पूर्णांक प्रकारामध्ये तो ४,२९,४९,६७,२९५ होतो आणि शून्याला सहज लोळवतो. तार तुटल्यावर येणाऱ्या ‘नॅन’चा (‘नॉट अ नंबर’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’ अशी खूण) न्याय याहून अजब आहे. नॅनशी केलेली ‘मोठा आहे का’ ही तुलना नेहमी खोटीच ठरते. त्यामुळे मॅक्स(नॅन, ५) म्हणजे ५, पण मॅक्स(५, नॅन) म्हणजे नॅन. म्हणजे उजवीकडे बसणारा तुटका सेन्सर थोर! एफमॅक्स निदान नॅनला बाजूला सारून खऱ्या संख्येला मान देतो, पण ते दार आमच्या पूर्णांकांच्या रांगेसाठी बांधलेले नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. जीसीसी या कंपायलरच्या वाढीव सोयीने मॅक्रोच्या पोटात तात्पुरती चले ठेवून प्रत्येकाला एकदाच विचारता येते. त्यासाठी लागणारा, चलाचा प्रकार ओळखणारा टाइपऑफ प्रमाणकात यायला सी२३ ही आवृत्ती उजाडावी लागली. मॅक्रोऐवजी स्टॅटिक इनलाइन प्रकारचे खरेखुरे फंक्शन हा सर्वांत शहाणा मार्ग, परंतु त्यात संख्येच्या प्रत्येक प्रकाराला वेगळे नाव हवे, आणि ती नावे ठरवण्याच्या बैठकीतून अद्याप कोणी उठलेले नाही.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, मंडळींनी असे मॅक्रो सर्व बाजूंनी इतके सुरक्षित केले होते की, २०२४ साली एका फाइलीतली एकच ओळ, तिघांतले किमान शोधणाऱ्या मॅक्रोच्या पोटात दोघांतले किमान शोधणारा मॅक्रो असलेली, विस्तारून ४७ मेगाबाइटांची झाल्याचे आढळले. पंपाचे काम का लांबले, या प्रश्नाच्या उत्तरादाखल हा दाखला मी आमच्या व्यवस्थापकांना सविस्तर लिहून पाठवला. त्यांचे उत्तर ताबडतोब आले: ‘ते सगळे ठीक आहे, पण त्या तिघांत शेवटी लहान कोण निघाले?’