काका, तुमचा नोटरीचा कागद आणि माझा

नमस्कार काका. (काका म्हणतोय, कारण निवृत्त होऊन बारा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय.) 'भाडेकरार रजिस्टर करा, नोटरीवर भागवू नका' या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंय. पुण्यातले दोन फ्लॅट तुम्ही नऊ वर्षं नोटरीच्या कागदावर देताय, कधी काही झालं नाही. अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागतच नाही. आणि मी लोकांना घाबरवून एजंटांची पोटं भरतोय.

मधल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो गैरसमज घराघरांत आहे. अकरा महिन्यांची पद्धत आली केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी महिना कापला. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून आपला स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे आणि त्याचं कलम ५५ मुदत विचारतच नाही. अकरा महिने असोत की तीन वर्षं, घर भाड्यानं देताना आपण करतो तो लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. त्याची भीती मी घालत नाही. त्यापायी आत गेलेला मालक मी तरी पाहिलेला नाही. खरी मेख पुढच्या वाक्यात आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करत बसायचं मालकानं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझाही एक फ्लॅट असाच दिला होता. भाडं १४,०००, डिपॉझिट ४०,०००, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी. पहिली दोन वर्षं माणूस एक तारखेला पैसे टाकायचा. मग त्याची नोकरी गेली. भाडं थांबलं, आणि मी जागा सोडायला सांगितल्यावर तो म्हणाला, भाडं ९,००० ठरलं होतं, डिपॉझिट रोख दीड लाख दिलंय आणि तीन वर्षं राहू देण्याचा शब्द होता. वकिलाकडे गेलो तर त्यांनी माझा कागद उलटूनही पाहिला नाही. म्हणाले, "इंडेक्स टू कुठाय?" म्हणजे करार नोंदवल्याचा सरकारी उतारा. शेवटी पाच महिन्यांचं भाडं सोडलं, डिपॉझिट अख्खं परत केलं आणि चाव्या हातात आल्यावर वर मीच त्याला थँक यू म्हणालो! त्या दोन वर्षांत कुणी विचारलं असतं तर मीही तुमच्यासारखंच म्हणालो असतो, की कधी काही झालं नाही.

रजिस्टर करार असता तर? मुदत संपल्यावर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्यानं लढायची परवानगी मागायची, नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. शिवाय मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट. तारखा पडतात, कंटाळा येतो, पण तुमच्या हातात काहीतरी असतं.

आता एजंटांची पोटं. २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, अकरा महिने असं धरा. स्टॅम्प ड्युटी लागते एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर, पाव टक्का. म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. ड्युटी आणि फी मिळून सोळाशेच्या घरात. वरचे पैसे एजंट घेतो ते घरी येऊन अंगठे घेण्याचे. नोंदणी खात्याच्या साइटवर स्वतः करा, एजंटला एक पैसा देऊ नका, माझं काही म्हणणं नाही. आणि अकराच महिने कशाला? तीन वर्षांचा केलात तर नोंदणी फी एकदाच पडते. दरवर्षीची भाडेवाढ करारातच लिहून टाका.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. ८० लाखांच्या फ्लॅटचं वर्षाला २ लाख ४० हजार भाडं, त्यातून मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि एखादा रिकामा महिना गेला की दोन टक्केही धड सुटत नाहीत. त्यात आणखी खर्च नको वाटतो, हे पटतं. पण मग तुम्हीच जाता जाता लिहिलेलं एक वाक्य परत वाचा: सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल दरमहा १,००० रुपये जादा घेते. काका, हे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. तुमचं सेवा शुल्क २,५०० असेल तर हे २५० होतात. प्रॉपर्टी टॅक्स वगैरे त्यात मोजायचा नाही. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. दिवाळीत तुमचा करार संपला की नवा रजिस्टर करायचा खर्च तीन महिन्यांत तिथूनच निघेल.