सीगलना चिप्स घालणं थांबवा!

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला मैत्रिणीबरोबर तिसऱ्यांदा गेले आणि तिसऱ्यांदा तेच. बंदरावरच्या बाकावर बसून फिश अँड चिप्सचा कागद उघडतोय, तर शेजारचं कुटुंब सीगलना चिप्स फेकतंय. पोरं खिदळतायत, आईबाप फोटो काढतायत. दोन मिनिटांत वीसेक पक्षी डोक्यावर! एकाने मागून झडप घालून माझ्या हातातला माशाचा तुकडा पळवला, बोटातून रक्त आलं. मग तेच कुटुंब म्हणतं, "या पक्ष्यांचा बंदोबस्त करायला हवा."

अरे, सवय कोणी लावली? मैत्रीण तिथलीच, तिचा तर जीव तुटतो. हे सीगल म्हणजे हेरिंग गल, ब्रिटनमध्ये २००९ पासून धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहेत. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. खारट तळणीवर पिल्लं वाढवायची का त्यांनी? कड्यांवर घरटी करणारा, मासे-खेकडे खाणारा इतका देखणा पक्षी, त्याला आपणच भीक मागायला लावायचं आणि वर चोर म्हणायचं!

१९९ पायऱ्या चढून जुन्या मठाच्या अवशेषांपाशी गेलो, तर तिथेही एकजण सँडविचचे तुकडे उडवत उभा.