साहेब, वाढू का रस्सा?

परदेशातून येणाऱ्या मिशनऱ्याला त्याची संस्था निघण्याआधी पुष्कळ शिकवून पाठवते. मलेरियाची गोळी कधी घ्यायची, साप दिसला तर काय करायचं, एकटं वाटू लागलं तर कोणतं स्तोत्र वाचायचं. यातलं शेवटचं कोल्हापुरात अगदीच निरुपयोगी. इथं माणसाला एकटं सोडतंय कोण? आमच्या चर्चच्या मंडळीत बाहेरच्या पाहुण्यांची सोय बघायचं खातं माझ्या गळ्यात आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की सापाचा तास रद्द करून त्या जागी ‘वाढप्याला नको म्हणणे’ हा विषय ठेवावा. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही.

पण जेवणाआधी कागद. पाहुणा ज्याच्या घरात उतरतो त्या मालकानं 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं. सगळे त्याला अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. घरमालक हे ऐकून दुखावतो. “घरात आलेल्या पाव्हण्याची पोलिसात वर्दी द्यायची व्हय?” त्याला वाटतं आपण पाहुण्याविरुद्ध तक्रार करतोय. त्याची समजूत काढण्यात त्या 24 मधले दोन-तीन तास जातात, ते धरूनच चालावं. व्हिसा 180 दिवसांच्या वरचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत पाहुण्याची स्वतःची नोंदणी वेगळी. पासपोर्ट, व्हिसाचं पान, भाडेकरार, बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. हे सगळं जमतं. अडतं ते नावात.

भाडेकरार टाइप करणाऱ्याची पक्की श्रद्धा असते की तीन शब्दांच्या नावात मधलं नाव बापाचंच असणार. त्यामुळे रॉबर्ट जेम्स अमुक यांच्या करारात ‘वडिलांचे नाव: जेम्स’ येतं, खरे वडील डेव्हिड तिकडे हयात असताना. शिवाय टाइप करणारा आडनाव पहिलं घेतो. मग करारातला माणूस आणि पासपोर्टातला माणूस एकच आहे हे संगणकाला पटत नाही आणि अर्ज परत येतो. उपाय सोपा आहे: करार छापायच्या आधी पासपोर्ट उघडा ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचं, आणि ‘श्री.’ कुठंही घालू द्यायचं नाही. पत्त्याचंही तसंच. कोल्हापुरात घर सांगायचं ते ‘अमक्या तालमीच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून’. पोस्टमनला ते पुरतं, फॉर्मला पुरत नाही. त्याला घरपट्टीच्या पावतीवरचा नंबर लागतो, आणि ती पावती मालकाच्या थोरल्या भावाकडे असते.

एक गोष्ट मात्र मी दरवाजातच सांगतो. पर्यटक व्हिसावर आलेल्यानं उपासनेला खुशाल यावं, मागच्या बाकावर बसून गावं. पण प्रवचन करायचं नाही, नियमात ते बसत नाही. हा नियम पाहुणा लगेच पाळतो. पाळत नाही ती आमची मंडळी. पाहुण्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, की कुणीतरी हमखास म्हणतंच, “साहेब, दोन शब्द!” पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवावं लागतं की आभाराची सूचना लवकर घ्या. फेट्याचंही सांगतो: तो बांधताना मान हलवायची नाही आणि बांधून झाल्यावर छपराचा पंखा बघून उठायचं. सहा फुटी पाहुण्याला फेटा चढला की तो कुठवर जातो याचा अंदाज आपल्यालाही नसतो.

आता मूळ विषय, जेवण. गोऱ्या पाहुण्याला पांढरा रस्सा दिला की तो खूश होतो, कारण रंगावरून त्याला तो बिनतिखट वाटतो. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस-काजूचं वाटण, वर मिरी, लवंग, दालचिनी. तिखटपणा मिरीचा असतो, तो जिभेला न बोलता थेट घशात जाऊन बसतो. (करणाऱ्यांसाठी: नारळाचं दूध शेवटी आणि मंद आचेवर. खळखळ उकळी आली की रस्सा फुटतो, आणि फुटलेला पांढरा रस्सा पाहुण्याला वाढण्यापेक्षा जेवणाचा बेत पुढे ढकललेला बरा.) पाहुणा त्याला सूप समजतो आणि वाटी तळापर्यंत रिकामी करतो. इथंच घात होतो. त्याच्या देशात ताट स्वच्छ करणं म्हणजे यजमानाचे आभार. कोल्हापुरात रिकामी वाटी म्हणजे ऑर्डर. वाढपी वाटीकडे बघतो, तोंडाकडे बघत नाही. तिसऱ्या वाटीला पाहुण्याचे डोळे भरून येतात, आणि यजमानीणबाई शेजारणीला सांगतात, “बघा, किती गहिवरलेत.”

तांबडा त्यानंतर येतो.

तेव्हा तंत्र असं. वाटीत नेहमी दोन बोटं रस्सा शिल्लक ठेवायचा. पहिलं ‘नको’ हा संकोच धरला जातो, दुसरं ‘नको’ म्हणजे स्वयंपाक आवडला नाही. म्हणून ‘नको’ म्हणायचंच नाही. ‘थांबून घेतो’ म्हणायचं आणि ताटावर आडवा हात धरायचा. हात वाटीला टेकवून झाकायचा, वर अधांतरी धरायचा नाही. मुरलेला वाढपी बोटांच्या फटीतून ओततो. शेवटच्या भाताचा घास ताटात राहू द्यायचा, सगळे उठेपर्यंत. आणि तोंड पोळलं तर पाण्याच्या तांब्यावर तुटून पडायचं नाही. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. पाण्यानं तो फक्त तोंडभर फिरून येतो. दही किंवा दूध मागावं. दूध मागितलं की यजमानाला वेगळाच हुरूप येतो, ही त्याची दुसरी बाजू.

कारण मग त्याच संध्याकाळी पाहुण्याला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर नेलं जातं. समोर म्हैस, खाली तिची धार, फेसाळ पेला थेट हातात. दृश्य देखणं आहे, मी त्याविरुद्ध काही बोलणार नाही. बोललो तर गावात राहता येणार नाही. पण न तापवलेल्या दुधातून क्षयापासून ब्रुसेला या तापाच्या जंतूपर्यंत काहीही येऊ शकतं, आणि ज्याचं पोट कालपर्यंत पाश्चराइज्ड दुधावर वाढलं त्यानं तर धाडस करूच नये. कट्ट्यावर ‘नको’ चालत नाही, तब्येतीचं कारणही चालत नाही (“तब्येतीसाठीच तर प्यायचं!”). चालतं ते एकच: “घरी नेऊन सगळ्यांसोबत पितो.” अर्धा लिटर किटलीत घ्यायचं, घरी खळखळून उकळायचं.

भाषेचा प्रश्न त्या मानानं किरकोळ. मिशनरी बाई पुण्याच्या पुस्तकातून ‘मी जाते, मी येते’ घोटून येतात, आणि मंडईत मावशी म्हणते, “उद्या येतो मी, पैसे ऱ्हाऊ द्या.” बाई पुस्तक बदलायला निघतात. महिन्याभरात त्याही ‘मी आलो’ म्हणतात आणि तिकडच्या व्याकरणवाल्या गुरुजींना फेस येतो.

पावसाळा लागला की मात्र त्यांना दोन आकडे पाठ करायला लावतो: 39 आणि 43. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. जुलैमध्ये कोल्हापुरात कुणी कुणाला ‘कसे आहात’ विचारत नाही, ‘पाणी किती?’ विचारतो. मीटरमध्ये वाढलेल्या पाहुण्याला आधी फूट शिकवावे लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांच्या पुढे गेली होती. आणि सगळ्यात न पटणारी गोष्ट ही, की नदी जितकी वर, नळ तितका कोरडा. उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली की शहराला पाणी चढवणार कोण? तेव्हा आकडा 39 कडे सरकू लागला की टाकी, पिंपं, बादल्या भरून ठेवायच्या, प्यायचं पाणी उकळून वेगळं, आणि इन्व्हर्टर तपासायचा.

इन्व्हर्टर तपासायचा तो रविवारसाठी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चर्चची सकाळी 11 ची उपासना म्हणजे इथले उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ, कारण ते लोक मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ फिरवतात. तेवढ्या वेळात पाहुण्यानं व्हिडिओवरून कामाचा अहवाल द्यायचा असतो, आणि नेमकी खालून वरात जाते.

तिकडच्या मंडळींना या अहवालात हवे असतात कष्ट. अपेक्षा जुनी आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले तेव्हा इथं रेल्वेही नव्हती. ती आली 1891 ला. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथंच जन्मला. त्या काळच्या पत्राला समुद्र ओलांडायचा असायचा, त्यामुळे पत्रातले हाल वाचणाऱ्याला खरे वाटत. आताच्या पाहुण्याच्या मासिक पत्रात लिफ्ट असलेली इमारत दिसते आणि पत्रागणिक गोल होत जाणारा चेहरा. देणगीदार विचारतात, पैसे नक्की कशावर खर्च होताहेत? पुराच्या दिवसांत टँकरपुढे बादली घेऊन उभ्या असलेल्या साहेबांचा एक फोटो काढून पाठवावा म्हटलं, तर रांगेतली माणसं “साहेब, तुम्ही कशाला?” म्हणत बादली काढून घेतात, भरून जिन्यावर पोचवतात आणि कुणीतरी भाकरीचा डबाही हातात देतं. फोटोत येतो तो डबा धरून हसणारा सुखी माणूस.