प्रीमियम म्हणे आमच्या सवयींमुळे वाढला

आज फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांना ट्रेनिंग हॉलमध्ये बसवलं. एचआरचे साहेब आणि इन्शुरन्सवाल्यांचा एक माणूस. पडद्यावर रंगीत गोल, त्यात सगळ्यात मोठा लाल तुकडा शुगर, बीपी आणि हार्टचा. यंदा मेडिक्लेमचा प्रीमियम वाढला कारण गेल्या वर्षी क्लेम जास्त गेले, आणि क्लेम जास्त गेले कारण तुमच्या सवयी वाईट. म्हणून आता आई-वडिलांच्या कव्हरचे पैसे आपल्या पगारातून कापणार, वर त्यांच्या प्रत्येक बिलातले २० टक्के आपणच भरायचे. आणि सगळ्यांनी मोबाइलवर ॲप टाकायचं, रोज १० हजार पावलं चालायचं. चाकणहून घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं, अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहितोय.

त्या लाल तुकड्यात आमचे अण्णा आहेत. प्रेस शॉपचे जुने ऑपरेटर, नोकरीला लागले तेव्हा चाकणला निम्मी शेतं होती. त्यांना शुगर आहे, गोळी चालू आहे, ती जेवणाच्या आधी घ्यायची. एका रात्री थर्ड शिफ्टला त्यांनी नेहमीच्या वेळेला गोळी घेतली आणि जेवायला निघाले तर रिलिव्हर, म्हणजे त्यांच्या जागी मशीनवर उभा राहणारा माणूस, आलाच नाही. डिस्पॅच अडकलेला, लाइन थांबवायची नाही, सुपरवायझर म्हणाला अण्णा अर्धा तास कळ काढा. त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले. अण्णांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि उभ्या उभ्या कोसळले, कपाळ फुटलं. शुगर ५० च्या खाली गेलेली. फर्स्ट एडच्या खोलीला कुलूप, चावी गेटवर. कुणीतरी डब्यातला गूळ त्यांच्या तोंडात घातला म्हणून निभावलं. पुढे आयसीयू, सीटी स्कॅन, टाके, मोठं बिल. ते बिल आज त्या लाल रंगात आमच्या सवयी म्हणून दाखवलं जातंय!

फॅक्टरी ॲक्ट १९४८ चा हो, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा लेबर कोड आला. सलग ५ तासांच्या वर काम नाही, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी, असं त्या जुन्या ॲक्टमध्ये सरळ लिहिलं होतं. ती सुट्टी अण्णांना त्या रात्री मिळाली असती तर तो क्लेम झालाच नसता. हा हिशोब कुणी का मांडत नाही? इन्शुरन्सवाला बरोबर मांडतो, किती प्रीमियम घेतला, किती क्लेम दिले, त्यावरून पुढचा रेट. पण क्लेम कशातून झाला हे त्या कागदावर येतच नाही, फक्त आजाराचं नाव येतं, आणि आजार तर माणसाचाच असतो, कंपनीचा कुठे असतो.

मान्य, आमच्यात तंबाखू मळणारे आहेत, आणि राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा गेटबाहेर कसा मिळतो तेही सगळ्यांना माहितेय. त्यांनी सोडायला पाहिजे, त्यात वाद नाही. पण मला सांगा, दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाने जेवणाची आणि झोपेची वेळ पाळायची कशी? या आठवड्यात रात्री जागा, पुढच्या आठवड्यात पहाटे ४ ला उठा. रात्रीच्या शिफ्टमुळे कॅन्सरचा धोका संभवतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्येच सांगितलंय. आणि आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातले रोजचे तास ९ चे १२ करायला मंजुरी दिली. मग पुढच्या वर्षी तो लाल तुकडा वाढणार की कमी होणार?

कँटीनचं बोलूया. मोठ्या कारखान्याला कायद्याने कँटीन द्यावं लागतं, म्हणून आहे. रात्री काय मिळतं तर तेलकट पोहे, बटाटेवडा आणि पाकातला चहा. अण्णांनी दोनदा कँटीन कमिटीला सांगितलं की बिनसाखरेचा चहा आणि एखादी उसळ ठेवा. उत्तर आलं, ठेकेदाराला परवडत नाही. एका थाळीमागे असे किती रुपये वाढले असते?

आणि कॉन्ट्रॅक्टची पोरं तर या गोलात नाहीतच. २१ हजारांच्या आतला पगार, त्यामुळे ती ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, कंपनीकडून ३.२५ टक्के, त्यांच्या पगारातून ०.७५. पोरगं तापाने पडलं की ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरं पोरगं पाठवतो. त्यांच्या आजारपणाचा खर्च कुणाच्या पडद्यावर दिसतो?

कंपनी प्रीमियम भरते हे खरंय. शेजारच्या छोट्या शॉपमध्ये तेवढंही नाही, तिथे माणूस पडला की थेट गावी जातो. कंपनीच्या प्रीमियमबद्दल मी कधी वाईट बोललो नाही.

पण आज अण्णांकडे बघवत नव्हतं. मान खाली घालून बसले होते. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, पण सगळ्यांना माहिती होतं. बसमध्ये मला म्हणाले, "बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, पण आता क्लेम नको टाकायला, पदरच्या पैशाने करतो." इतकी वर्षं प्रेसवर उभं राहून पायाच्या शिरा फुगलेला माणूस, हक्काच्या पॉलिसीतून बायकोचा डोळा करून घ्यायला लाजतोय. मी त्यांना म्हणालो, अण्णा, फॉर्म मी भरतो, तुम्ही फक्त कागद आणा. ते काही बोलले नाहीत.

कंपनीला खरोखर खर्च कमी करायचा असेल तर ॲपच्या आधी करण्यासारखं बरंच आहे. थर्ड शिफ्टला रिलिव्हर पक्का ठेवा. शुगरवाल्यांना जेवायच्या वेळेला सोडायचंच, डिस्पॅच असो की ऑडिट. फर्स्ट एडची खोली रात्री उघडी आणि तिथे ट्रेनिंग घेतलेला माणूस. शिफ्ट कशी फिरवायची ते आम्हाला विचारा, आम्ही सांगू. हे सगळं मी अर्जात लिहिलंय, आई-वडिलांच्या कव्हरचाही मुद्दा घातलाय, सोमवारी वर्क्स कमिटीत, म्हणजे कामगार आणि मॅनेजमेंटच्या कमिटीत, देणार. आपल्या प्लांटमधले जे कुणी हे वाचताय, शनिवारी सेकंड शिफ्ट सुटताना टाइम ऑफिसपाशी भेटा, सही करायला या. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांनाही घेऊन या.