‘दे मूसिका लिहेरा’ हे उत्सवाचे गाणे नव्हे

अर्जेंटिनाच्या सोडा स्टिरिओ या रॉक बँडचे ‘दे मूसिका लिहेरा’ हे गाणे बहुतेक लोक जल्लोषाचे गाणे म्हणून ऐकतात, आणि ते मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. १९९० सालच्या ‘कान्सियोन अनिमाल’ या अल्बममधले हे गाणे. गिटारच्या पहिल्याच आघाताला माणसे उड्या मारू लागतात, ध्रुवपद हजारो कंठांतून एकदम उसळते. पण ते ध्रुवपद शांतपणे वाचले, तर त्यात एका सरलेल्या प्रेमाविषयी दोनच गोष्टी सांगितलेल्या दिसतात: त्यातून आपली सुटका नाही आणि आणखी काही उरतही नाही. या ‘आणखी काही उरत नाही’चे दोन अर्थ होतात. सगळे संपले, हा एक. आणि उरले ते तेवढेच, हा दुसरा. मूळ स्पॅनिशमध्ये दोन्ही अर्थ नांदतात, म्हणून भाषांतर करताना त्यांतला एक निवडून दुसरा टाकून देणे मला अन्यायाचे वाटते.

गाण्याच्या नावासाठी तर मराठीत शब्द शोधावाच लागत नाही. आकाशवाणीने तो आपल्या घराघरांत कधीच रुजवला आहे: सुगम संगीत. सुगम संगीतासारखे ते प्रेम, असे गाणारा म्हणतो. जे हलकेफुलके म्हणून हाती घेतले, तेच आयुष्यभर सुटत नाही, ही वेदना भावगीतांवर वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

कॉलेजात गिटार शिकताना हे गाणे मी वाजवू लागलो, तेव्हा त्याची रचना कळली. बी मायनर, जी, डी, ए या चारच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), याच क्रमाने. कडव्यासाठी वेगळी वाट नाही, ध्रुवपदासाठीही नाही. जी, डी आणि ए हे तिन्ही मेजर कॉर्ड क्षणभर उजेड दाखवतात आणि पुन्हा त्याच उदास मायनरपाशी आणून सोडतात. ‘फार सोपे गाणे आहे’ असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की सुटका नसल्याचे जे शब्दांत म्हटले आहे, तेच हे चक्र बोटांना सांगत असते.

२० सप्टेंबर १९९७ रोजी ब्युनॉस आयरिसमध्ये, रिव्हर प्लेट या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमवर, सोडा स्टिरिओने आपल्या निरोपाच्या मैफलीची सांगता याच गाण्याने केली आणि बँडचा गायक गुस्तावो सेराती याने ‘ग्रासियास तोतालेस’ म्हणत सर्वांचे आभार मानले. पुढे २००७ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. पण २०१० साली सेरातीला पक्षाघाताचा झटका आला आणि चार वर्षे कोमात राहून ४ सप्टेंबर २०१४ रोजी तो गेला. निरोपाच्या त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण ऐकताना आता माझे लक्ष त्याच्या आवाजाकडे कमी आणि समोरच्या गर्दीकडे अधिक जाते: ज्याला निरोप द्यायला ते सारे जमले होते, त्यालाच ते एका सुरात सांगत होते, की सुटका नाही.