दोन मीटरवरचा वसंत

हिवाळ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जानेवारीत स्वीडनमधल्या उप्साला गावात उणे दहा सांगितलं की उणे दहाच्या आसपासच असतं, आणि उणे दहा नि उणे बारा यांतला फरक ओळखायला नाकात जीव उरलेला नसतो. सगळ्यात जाड कोट, टोपी, मफलर, हातमोजे, बूट. झालं. अंदाज पाहिला काय नि न पाहिला काय, अंगावर तेच चढणार. डोक्याला ताप सुरू होतो तो मार्चच्या मध्यापासून, वसंताची चाहूल लागली की.

मग मोबाइलवर असे आकडे दिसू लागतात: कमाल ११, किमान उणे ४, ऊन. आता हे वाचून माणसाने काय घालावं? सकाळी मुलीला बालवाडीत सोडायला निघते तेव्हा डबकी गोठलेली असतात आणि सायकलच्या सीटवरचं गोठलेलं दव खरवडून काढावं लागतं. दुपारी चारला तिला आणायला जाते तेव्हा त्याच डबक्यांचा चिखल झालेला असतो, मी घामाने निथळत असते, कोट हातावर, टोपी खिशात आणि मफलर सायकलच्या कॅरियरला. दाराशेजारी जाड, मध्यम, पातळ आणि पावसाचा असे माझे चार कोट टांगलेले आहेत. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर उभी राहते आणि जो निवडते तो चुकीचा असतो. शेजारीण म्हणते, खराब हवामान नसतंच मुळी, खराब कपडे असतात. ही इथली म्हण आहे. ती कपड्यांच्या दुकानदारानेच पाडली असणार, याबद्दल माझी खात्री आहे.

मुलीच्या बालवाडीने वसंत ऋतूची यादी दिली आहे. ओव्हरऑल, रबरी पावसाळी विजार, लोकरीचे मोजे, वॉटरप्रूफ हातमोजे, त्यांच्या आत घालायचे लोकरीचे हातमोजे, गमबूट, जाड टोपी, पातळ टोपी, आणि या सगळ्याचा एकेक जादा जोड. यादीच्या तळाशी लिहिलंय, ‘हवामानाप्रमाणे’. म्हणजे काय, ते विचारायची सोय नाही, कारण बाई हसून एवढंच म्हणतात, “सगळंच असू द्या.” तेव्हा सोमवारी पोतं भरून न्यायचं आणि शुक्रवारी तेच पोतं, आता दोन किलो ओल्या वाळूसकट, घरी आणायचं.

अंदाज खोटे असतात असं मात्र मी म्हणणार नाही. एवढ्या वर्षांत मला कळलंय ते असं, की आकडा खरा असतो, फक्त तो जिथला असतो तिथे मी नसते. हवेचं तापमान मोजतात ते सावलीत, हवा खेळती राहील अशा पेटीत, जमिनीपासून साधारण दोन मीटरवर. माझी उंची पाच फूट दोन इंच. म्हणजे हवामानाचा अंदाज अक्षरशः माझ्या डोक्यावरून जातो. मुलगी जेमतेम एक मीटर, ती तर वेगळ्याच हवामानात राहते. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते. वर दोन मीटरला २ अंश असतात आणि खाली सायकलच्या वाटेवर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा धरलेला असतो. अंदाजात बर्फाचं नावही नसतं आणि आपण हँडलसकट आडवे.

दुपारी बरोबर उलटं. उन्हात, दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की मोबाइलवरचे ५ अंश कुठल्या गावचे असा प्रश्न पडतो. एप्रिलात इथली माणसं बसची वाट बघतानासुद्धा उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून, रांगेने उभी असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी श्रद्धांजली वाहताहेत. कॅफेवाले फुटपाथवर खुर्च्या मांडतात, प्रत्येक खुर्चीवर एक घोंगडी. लोक घोंगडी पांघरून, गॉगल लावून कॉफी पितात आणि वरून छपराच्या पन्हाळीतून वितळलेलं पाणी टपटप पडत असतं. बाजूच्या इमारतीपुढे तिरक्या काठ्या लावून ठेवलेल्या असतात: इकडून जाऊ नका, डोक्यावर बर्फ पडेल. ऊन खा, पण जरा सरकून.

उन्हाचं म्हणाल तर ते फसवं नाही, चांगलं तगडं असतं. २० एप्रिलचा सूर्य दुपारी आकाशात जितका वर असतो तितकाच २२ ऑगस्टचाही असतो. पण ऑगस्टात माणसं तळ्यात डुंबतात आणि एप्रिलात तळ्यावर बर्फ आहे की गेला यावर चर्चा चालते. ताजं बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊन जसंच्या तसं परत धाडतं. उरलेलं जे आत शिरतं तेही तापमान वाढवत नाही, बर्फ वितळवण्यात खर्ची पडतं. शून्य अंशाच्या एक किलो बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे माझ्या अंगणात एप्रिलभर जवळजवळ चहाचं पाणी तापेल एवढी ऊब येते आणि ती सगळी चिखल करण्यात जाते.

वसंत आला हे ठरवायचाही इथे नियम आहे. एसएमएचआय या स्वीडनच्या हवामानसंस्थेच्या व्याख्येप्रमाणे दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर राहिलं की वसंत आला. मात्र १५ फेब्रुवारीच्या आधी आलेला धरत नाहीत. सात दिवस पुरे झाले की त्यातल्या पहिल्या दिवसाची तारीख आगमनाची म्हणून लागते. म्हणजे वसंत आला हे कळतं तेव्हा तो येऊन आठवडा झालेला असतो. ज्या गुरुवारी मी घसरून कोपर फोडून घेतलं, तो वसंताचा पहिला दिवस होता, हे मला पुढच्या गुरुवारी बातम्यांत कळतं. आणि एकदा आला की आला. नंतर गुडघाभर बर्फ पडलं तरी हिवाळा परतला असं मांडत नाहीत. वसंतच चालू असतो, बर्फासकट.

त्यापेक्षा आपलं पंचांग बरं. पाडवा आधीच छापलेला असतो, कुणाची सरासरी बघत बसत नाही. आम्ही दरवर्षी बाल्कनीत गुढी उभारतो. वेळूची काठी कुठून आणणार, म्हणून स्कीची काठी. साखरेची माळ सामानातून आलेली, कडुनिंब पाकिटातल्या भुकटीचा, आणि समोरच्या बर्च झाडांवर पालवीचा पत्ता नाही. जरीचं कापड वाऱ्याने फडफडायला लागलं की खालचे आजोबा मान वर करून बघतात. एकदा त्यांनी विचारलं, वारा मोजायचं आहे का हे? मी हो म्हणाले. नव्या वर्षाची सगळी हकीकत उणे दोनमध्ये उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आई जळगावला असते. तिच्या मोबाइलवर जळगावच्या खाली उप्साला लावलेलं आहे आणि ते ती माझ्यापेक्षा जास्त वेळा बघते.

“अगं, उद्या तुझ्याकडे ९ दाखवतंय. स्वेटर घाल.”

“आई, ९ म्हणजे इथे लोक बाह्या वर करतात.”

“करू देत. तू घाल. आमच्याकडे ४३ आहे, कूलरमध्ये टाकलेलं पाणी तासात संपतंय.”

तिला मी एकदा सांगितलं, की ज्याच्या नावाने आपण दोघी हे आकडे बोलतो तो अँडर्स सेल्सियस उप्सालाचाच. त्याचं घर गावातल्या रहदारीच्या रस्त्यावर, बाकीच्या इमारतींच्या ओळीत न बसता तिरकं उभं आहे. मी त्याच्यावरून भाजी आणायला जाते. या गावात तापमानाच्या नोंदी १७२२ पासून चालू आहेत. आणि सेल्सियसने १७४२ मध्ये जी पट्टी मांडली तिच्यात पाणी उकळायचं शून्याला आणि गोठायचं शंभराला. १७४४ मध्ये तो गेला आणि त्यानंतर लवकरच ती उलटी केली गेली. आईने लगेच हिशेब केला. “म्हणजे आमचे ५७ आणि तुमचे ९१ झाले असते का गं? बरं झालं उलटवली. नाहीतर तुझ्या काळजीने मीच गेले असते.”

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला या शास्त्रातलं कळतं. पुढच्या आठवड्यात कोट धुवायला टाकू का, एवढंच मी त्याला विचारलं होतं. त्याने मला आलेख दाखवला. इंग्लंडात रेडिंगला युरोपचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं केंद्र आहे. ते केंद्र एकच गणित पन्नासहून अधिक वेळा, सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फेरफार करून सोडवतं. सगळ्या उत्तरांच्या रेषा एकत्र काढल्या की डावीकडे त्या घट्ट बांधलेल्या असतात आणि उजवीकडे फिस्कारत जातात, अगदी केरसुणी. एप्रिलात, म्हणाला, वारा अटलांटिकवरून आला तर १५ अंश आणि उत्तरेकडून आला तर २. निम्म्या काड्या वर, निम्म्या खाली. आणि त्यांची सरासरी साडेआठ, म्हणजे नेमका तो आकडा, जो कुठल्याच काडीने सांगितलेला नाही.

“मग कोट?” मी विचारलं.

“नको टाकूस,” तो म्हणाला. एवढं मला आईनेही सांगितलं असतं.

या सगळ्याचा कळस ३० एप्रिलला. त्या दिवशी उप्सालात विद्यार्थ्यांचा वसंतोत्सव असतो आणि अख्खं गाव महिनाभर आधीपासून एकाच तारखेचा अंदाज बघत बसतं. सकाळी पोरं स्वतः बनवलेले तराफे घेऊन फिरिस नदीत उतरतात आणि बंधाऱ्यावर आपटून त्याच बर्फगार पाण्यात पडतात. दुपारी तीनला विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयाच्या, कारोलिना रेडिविव्हाच्या, सज्जातून कुलगुरू पांढरी टोपी हलवतात आणि खाली टेकडीवर जमलेली हजारो माणसं आपापल्या पांढऱ्या टोप्या डोक्यावर चढवतात. आता आपण उन्हाळी झालो, असा त्याचा अर्थ. टोपी अगदी पातळ, कान उघडे. मी गेले त्या वर्षी तीनच्या ठोक्याला बारीक गारा सुरू झाल्या. एकानेही टोपी काढून जाड घातली नाही. माझ्या शेजारी पांढऱ्या टोपीतल्या एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या असाव्यात, टोपीच्या कडेवरून गारा झटकत मला म्हणाल्या, “मागच्या वर्षीपेक्षा बरं आहे.”

टायर बदलायचा घोळ मी थोडक्यात सांगते. खिळ्यांचे टायर १५ एप्रिलपर्यंत चालतात, पुढे रस्त्यावर हिवाळा असेल तरच. तो असेल का, हे गॅरेजवाला मला विचारतो.

तर गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी अंदाज होता १६ आणि स्वच्छ ऊन. आम्ही चार मराठी घरांनी नदीकाठी भरीत पार्टी ठरवली. कपाशीच्या काड्या नाहीत तर नाहीत, बर्चच्या लाकडांवर वांगी भाजू. वांगी आणली, लाकडं आणली, आणि शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर सूचना: गवत वाळलेलं आहे, वारा आहे, वणव्याचा धोका मोठा, उघड्यावर जाळ करायला बंदी. इथे वसंतात असं होतं. बर्फ वितळून खालून गेल्या वर्षीचं मेलेलं गवत वर येतं, नवं हिरवं फुटायच्या आधी ते खडखडीत वाळतं आणि ठिणगी पडायचा अवकाश, पेटतं. आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात यंत्राने ढकलून ठेवलेल्या बर्फाचा काळा ढिगारा अजून कमरेइतका होता. त्याच्या शेजारी उभी राहून मी वणव्याची सूचना वाचली.

रात्री आईचा फोन.

“झालं का गं भरीत?”

“झालं. ओव्हनमध्ये.”

“म्हणजे वांगी उकडलीस,” आई म्हणाली. मग चष्मा लावल्याचा आवाज आला. “आणि हे बघ, मंगळवारी तुझ्याकडे बर्फ दाखवतंय. तेव्हा उठेल ती बंदी. पार्टी मंगळवारी ठेवा.”