आधी पैसे, मग भांडण

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून २०२४ मध्ये सरकारी कंत्राटांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, घातलेच तर १० कोटी रुपयांहून कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे, असे सांगितल्यापासून मायदेशातील चर्चा ‘लवाद की दिवाणी न्यायालय’ एवढ्याच प्रश्नात अडकली आहे. इंग्लंडमध्ये बांधकामाची बिले तपासण्यात माझा दिवस जातो आणि इथून पाहताना हा प्रश्न मला अपुरा वाटतो. निकाल कुठेही लागो, तोवर मजुरांची मजुरी आणि सिमेंटवाल्याची उधारी थांबत नाही.

इथे १९९६ च्या कायद्याने बहुतेक बांधकाम करारांतील वाद केव्हाही ॲडज्युडिकेटरकडे, म्हणजे झटपट पण तात्पुरता बंधनकारक निर्णय देणाऱ्या तटस्थ व्यक्तीकडे, नेता येतो. त्याने साधारणपणे २८ दिवसांत निर्णय द्यायचा; तो पटला नाही तरी आधी पैसे मोजायचे आणि मग कोर्टात किंवा लवादापुढे भांडायचे. ही व्यवस्था टिकली ती मुदतीपेक्षा न्यायालयांच्या संयमामुळे, असे माझे मत आहे. ॲडज्युडिकेशन मध्येच थांबवणारा मनाई हुकूम देण्याचा अधिकार त्यांना आहे, पण तो ती क्वचितच वापरतात.

या संयमाची खरी कसोटी ‘ब्रेस्को विरुद्ध लॉन्सडेल’ या खटल्यात लागली. लंडनमधील एका कामावर विजेचे उपकंत्राट घेतलेली ब्रेस्को दिवाळखोरीत गेली आणि तिच्या अवसायकांनी (बुडालेल्या कंपनीचा कारभार गुंडाळणाऱ्यांनी) २०१८ मध्ये ॲडज्युडिकेशन सुरू केले. दिवाळखोर कंपनीला दिलेले पैसे परत कसे मिळणार, हा तिला काम देणाऱ्या लॉन्सडेलचा सवाल रास्तच होता. खालच्या न्यायालयाने मनाई दिली आणि अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती उठवली. ॲडज्युडिकेशन हा कायद्याने दिलेला हक्क आहे, पैसे बुडण्याची भीती वसुलीच्या टप्प्यावर तपासता येते, त्यासाठी निर्णयच रोखू नये, असा त्या निकालाचा गाभा आहे. उलट, २०१४ मध्ये एका गोदामाच्या फरशीवरून झालेल्या वादात ॲडज्युडिकेटरची नेमणूकच करारात नसलेल्या कलमावर बेतलेली होती. त्याचा निर्णय अमलात येणेच शक्य नव्हते, म्हणून तिथे मनाई मिळाली, आणि ते योग्यच झाले.

या घाईची किंमतही आहे. दावा करणारा महिनोन्‌महिने फायली जुळवतो आणि समोरच्याला उत्तरासाठी जेमतेम काही आठवडे मिळतात, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही तात्पुरती चूक मला वर्षानुवर्षांच्या थकबाकीपेक्षा परवडणारी वाटते.

भारतात पायाभूत प्रकल्प रखडेल असा मनाई हुकूम न्यायालयांनी देऊ नये, अशी तरतूद २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) आली. कामाला मिळालेले हे संरक्षण बिलाला मात्र नाही. ‘आधी पैसे’ हा विचार आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकबाकीबाबतच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला २००६ च्या कायद्यानुसार ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. सरकारी बांधकामांत असा नियम आणायचा, तर तो ज्या सरकारने करायचा, त्याच्याच खात्यांना सर्वांत आधी खिशात हात घालावा लागेल. लवादाच्या चर्चेत ही अडचण कुणी उघडपणे मांडत नाही.